डाव्या स्पीकरपाशी दोन खुर्च्या

धाराशिव
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बब्रुवान मामांस,
शिवांजलीचा नमस्कार.

तुम्हाला फोन लावायचा म्हणजे नशीब आजमावायचं काम झालंय. सकाळी सातला लावला तर मामी म्हणते रानात गेलेत, दुपारी जेवायच्या वेळेला लावला तरी रानातच. एवढं रान आपल्याला कधीपासून झालं? शेवटी मामीच म्हणाली, "त्यांला पत्र लिही बाई, पत्र वाचत्यात ते आवडीनं." म्हणून शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून लिहितेय. बाकीच्या शिक्षकांना वाटतंय मी वर्षाचं नियोजन करतेय.

बातमी मोठी आहे. मला सूरमाळावर बोलावलंय! ढोकीच्या अलीकडं तो मुरमाड माळ होता बघा, कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, त्यावर तीन वर्षांपूर्वी मैदान केलंय. माळाला आयताच उतार, त्यामुळं खाली स्टेज आणि वर पंधरा हजार माणूस बसतं. सगळ्यात मागं उसाचे ट्रॅक्टर ओळीनं लावतात आणि ट्रॉलीत गोधड्या टाकून घरंच्या घरं बसतात, अगदी म्हातारीकोतारीसुद्धा. हिवाळ्यात दर रविवारी कार्यक्रम असतो, संध्याकाळी पाचला सुरू. हंगामाचा शेवटचा कार्यक्रम २ फेब्रुवारीला, आणि तो माझा आहे. पूर्ण दोन तास, माझ्या एकटीचा.

मामा, आता मुद्द्याचं. आजवर माझे पाच कार्यक्रम झाले. तुम्ही एकालाही आला नाहीत. कळंबच्या वेळी तुमचे गुडघे, वाशीच्या वेळी पाहुणे, भूम तर तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी आला नाहीत. लोक मला विचारतात, तुमचे गुरू कोण? मी सांगते, एसटीचा ड्रायव्हर. लोक हसतात, त्यांना थट्टा वाटते. त्यांना काय ठाऊक, ईटहून कळंबच्या शाळेला जाताना सात वर्षं मी तुमच्या केबिनच्या मागच्या बाकावर बसले आणि तुम्ही स्टेअरिंगवर बोटानं ठेका धरून मला ताल शिकवला. ते रूटचं गाणं तुम्हीच रचलं होतं ना माझ्यासाठी?

येरमाळ्याच्या घाटामंदी धुकं आलंया वाटंला,
वाशी गेली, पारगाव गेलं, माय उभी फाट्याला.

हे गाणं मी सूरमाळावर शेवटी गाणार आहे. पण तुम्ही समोर असाल तरच. आला नाहीत तर ते गाणं मी कधीच गाणार नाही आणि तुम्हाला पुन्हा बोलावणारही नाही. धमकी समजा हवं तर.

तुमची
शिवांजली

*

ईट
२४ नोव्हेंबर २०२४

चि. शिवांजलीस,
बब्रुवान मामाचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, तुझ्या मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि मग ती साखर मीच खाल्ली. पोरी, नाव काढलंस. चौतीस वर्षं गाडी चालवली, पण पंधरा हजार पॅसिंजर एका वेळी मला काही मिळाले नाहीत.

येण्याचं म्हणशील तर अडचण आहे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा म्हणजे ज्वारी हुरड्यात. पाखरं अशी तुटून पडतात की एक दिवस गोफण खाली ठेवली तर दाणे गेलेला कणसाचा बुरखुंडा हाती यायचा. शिवाय म्हैस त्याच सुमाराला व्यायची आहे. तिला काही तारीख पुढं ढकल म्हणता येत नाही. तुझ्या गाण्याला माझ्यावाचून काय अडलंय? तू गा. आम्ही इथून हात जोडतो.

रूटच्या गाण्याचा उगाच हट्ट धरू नकोस. ते पोराला झोप येऊ नये म्हणून जुळवलेलं गाणं आहे, त्यात काही राम नाही.

सहज विचारतो, त्या मैदानावर स्पीकर कुठं कुठं असतात? दोन्ही अंगाला, की मधेही असतात? आणि पुढं बसलेल्यांना लोखंडी अडसर असतो का? गावात कुणीतरी म्हणत होतं, म्हणून विचारलं.

थंडीत गळ्याला मफलर बांधत जा.

बब्रुवान

*

धाराशिव
६ जानेवारी २०२५

मामांस नमस्कार.

तुमच्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिणार होते. स्पीकर दोन्ही अंगाला असतात, बॅरिकेड असतं, हे सगळं प्रेमानं लिहिणार होते. आता बरं झालं लिहिलं नाही ते, कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

माझी मैत्रीण निकिता सूरमाळावर प्रवेशाच्या तिकिटांचं बघते. काल तिनं मला मोबाईलवर फोटो दाखवले आणि विचारलं, "हे तुझे मामाच ना?" १ डिसेंबरला कव्वाली होती, तुम्ही पहिल्या रांगेत. १५ डिसेंबरला भारुडं होती, तुम्ही पार मागं ट्रॉलीत. २९ डिसेंबरला जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता आणि तुम्ही डाव्या स्पीकरपुढं बॅरिकेडला धरून उभे, डोळे मिटलेले, अगदी तल्लीन. शेजारी तुमचे कंडक्टर दादामियाँ चाचा. तिन्ही वेळेला ईटहून ढोकीपर्यंत आलात तुम्ही! तेव्हा म्हैस कुणी सांभाळली? पाखरं काय सुट्टीवर गेली होती?

म्हणजे गाणं तुम्हाला अजून आवडतं. मैदान चालतं, गर्दी चालते, थंडी चालते. फक्त मी चालत नाही.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. गावात पारावर लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. चांगल्या घरची पोरगी उघड्या स्टेजवर उभी राहते, मांडवात गाते, लग्नाचं वय चाललंय. मला वाटायचं, तुम्ही त्यांना दोन शब्द सुनावत असाल. आता वाटतं, तुम्हीही त्यांच्यातलेच. तुम्हाला माझी लाज वाटते, आणि ते तोंडावर सांगायला जड जातं म्हणून ज्वारी पुढं करता.

रूटचं गाणं मी यादीतून खोडलंय. तुमचं तुम्हाला परत.

शिवांजली

*

कळंब
११ जानेवारी २०२५

शिवांजली बेटी, सलाम.

मी दादामियाँ, तुझ्या मामाचा कंडक्टर. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून मी बोलतो आणि माझी नात शाहीन लिहिती. तिला म्हनलं, मी जसं बोलंन तसंच लिही, शाळंची भाषा घालू नको.

बब्रुवान काल माझ्याकडं आला. तुझं पत्र माझ्याफुडं ठिवलं. शाहीननं वाचून दाखिवलं. च्या आला, च्या गार झाला. जाताना एवढंच म्हनला, "पोरीला काय बी सांगू नगंस, कसम हाय." कसम मोडली तर गुनाह हाय बेटी. पन ही कसम ठिवली तर त्याहून मोठा गुनाह हुईल, म्हनून मोडतो.

तुझ्या मामाला ऐकू येत न्हाय. आज न्हाय, आठ वर्सं झाली. जुन्या गाड्यांचं इंजन केबिनमंदीच असायचं, ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला लागून. चौतीस वर्सं त्या इंजनानं डावा कान खाल्ला, मग उजवा कुरतडला. पयल्यांदा मला कळलं ते वाशीच्या इस्टँडवर. म्या घंटी दिली, गाडी हालंना. पुन्हा दिली. मागनं पॅसिंजर वरडायला लागलं. म्या फुडं जाऊन बगतो तर हा आरशात माझी वाट बगतोय. त्या दिशी कळंबला गाडी लावली, आन हा सवताच्या पायानं सायबाकडं गेला. म्हनला, "माझ्या मागं पन्नास जीव बसत्यात, मला घंटी ऐकू येत न्हाय, इस्टेरिंग काढून घ्या." शेवटची दोन वर्सं यार्डात गाड्यांची तपासनी केली. घरी सांगितलं पर्मोशन झालं. तुझ्या मामीनं पेढं वाटलं व्हतं, याद हाय का? मामीला नंतर कळलं, तिला बी कसम.

कानातली मशीन घेतली व्हती. ती सगळाच कालवा कानात वतती. भांडं पडलं तर डोक्यात बाँब फुटतो, आन मानूस बोललं तर निस्ती खरखर. काढून ठिवली.

आता त्या तीन पोग्रामचं ऐक. तुझं आवतान आलं तसा हा माझ्याकडं पळत आला. म्हनला, "दादामियाँ, एवढी मोठी आवाजाची मशीनं असत्यात तितं, कुटं ना कुटं मला ऐकू येईलच. चल, जागा हुडकू." म्हनून आमी गेलो. कव्वालीला पयल्या रांगंत बसलो. त्याला निस्ता गोंगाट आला. भारुडाला मागं ट्रॉलीत बसलो, तितं तर कायच न्हाय. तिसऱ्या टायमाला डाव्या मशीनच्या फुडं गेलो. त्यानं त्या लोखंडी अडसरावर हात ठिवला. तुला म्हाईत हाय का, हा गेअरच्या दांड्यावर हात ठिवून इंजनाचा बिघाड सांगायचा. मिस्तरी बोनेट उघडायच्या आत! तसाच हात ठिवला, उजवा कान मशीनीकडं केला. आन तो जाड आवाजाचा गवई गायला लागला तसं ह्याचं तोंड फुललं. मला म्हनला, "आलं! शब्द आलं!" डोळ्यात पानी आलं माझ्या.

मग बाई गायला आली. आवाज वर गेला. ह्याचं तोंड उतरलं. म्हनला, "गेलं."

बारीक आवाज त्याला येत न्हाय बेटी. जाड येतो. वाटंनं म्हनला, "शिवा माझी वरच्या सुरात गाती. ती तोंड हालविल, आन मी समजल्यागत टाळ्या वाजवू? तिला वाटंल मामानं ऐकलं. तिच्यासंगं लबाडी मला जमायची न्हाय." म्हनून येत न्हाय तो. लाज कसली? पारावर तुझं नाव कुनी वाकडं घेतलं तर हा दोन दिवस त्याच्याशी बोलत न्हाय. ऐकू येत न्हाय पन व्हट बगून समजतं त्याला.

आता तू काय करशील ते कर. मी सांगितलं असं सांगू नको. सांगितलंस तरी चालंल.

तुझा चाचा
दादामियाँ

*

धाराशिव
१६ जानेवारी २०२५

ती. मामांस,
शिवांजलीचा साष्टांग नमस्कार.

मागचं पत्र रागात लिहिलं. फाडून टाका. मी मूर्ख आहे, आणि मूर्खपणात मी पहिली येते हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

एक अडचण झालीय. माझा घसा बसलाय. डॉक्टरांनी सांगितलं, वर गायचं नाही, खाली गा. म्हणून मी सगळी पट्टी उतरवली. एरवी काळी पाचमध्ये गाते, आता काळी दोनमध्ये. ढोलकीवाला कुलदीप डोक्याला हात लावून बसला, पुन्हा सगळ्याचा सराव. आयोजक आण्णासाहेब तर धावतच आले. म्हणाले, "बाई, मैदानावर टाळ्या वरच्या सुरालाच पडतात. लोक त्यासाठीच येतात. तुम्ही खाली पुटपुटायला लागलात तर ट्रॅक्टर चालू करून निघून जातील. हवं तर दुसऱ्या कुणाला बोलावतो." मी म्हटलं, बोलवा. मग ते आल्या वाटेनं परत गेले. पण मामा, मनातून मी घाबरलेय. वरचा सूर ही माझी ओळख आहे. तो सोडून पंधरा हजार माणसांपुढं मी आजवर उभी राहिले नाही. फसलं तर या जिल्ह्यात मला पुन्हा कुणी बोलावणार नाही.

पण घसाच बसलाय, त्याला काय करणार?

निकिताला सांगून डाव्या स्पीकरपुढं, बॅरिकेडला लागून, दोन खुर्च्या ठेवल्यात. एक तुमची, एक चाचांची. म्हैस मामीकडं द्या. पाखरांना म्हणावं, एक दिवस खा पोटभर, माझ्या भाचीचं गाणं आहे.

रूटचं गाणं यादीत परत घेतलंय.

तुमची
शिवांजली

*

ईट
५ फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजलीस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

रविवारपासून लिहीन लिहीन म्हणतोय. तीन दिवस काही सुचलं नाही. तुझी मामी म्हणाली, "ह्यांच्या अंगात आलंय की काय? म्हशीपुढं बी गातेत."

पहिली गोष्ट, तुझ्या घशाला काही झालेलं नव्हतं. घसा बसलेली पोरगी अशी गात नसते. दादामियाँच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी चौतीस वर्षं बघतोय. तुझं पत्र वाचलं, डाव्या स्पीकरपुढं खुर्च्या हे वाचलं, आणि त्याच दिवशी ओळखलं. आधी त्याच्यावर भडकलो. मग रानात जाऊन बसलो. आठ वर्षं मी लपवत होतो ते तुला कळलं, याची शरम वाटली. आणि नंतर असं वाटलं, की माझ्यासाठी या पोरीनं आपला वरचा सूर सोडला आणि मी पाखरं राखत बसतोय, तर माझ्यासारखा करंटा मीच. म्हणून आलो.

आम्ही साडेतीनलाच पोचलो. ढोकीच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागली होती, कळंबच्या, वाशीच्या, पार परंड्याच्या गाड्या. एका ट्रॉलीत मी आमच्या पारावरचे चौघं पाहिले. तेच, ज्यांच्याशी मी बोलत नाही. नवी टोपी घालून आले होते. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. तेवढं पुरं.

खुर्चीत बसलो, अडसरावर हात ठेवला, उजवा कान वळवला. तू आलीस. मोरपंखी लुगडं नेसली होतीस, तुझ्या आईचं. तंबोरा लागला तो मला कळला नाही. ढोलकीची थाप कळली, हातातून वर आली. मनात म्हटलं, देवा, निदान एक ओळ. एक ओळ येऊ दे, बाकी काही मागत नाही.

आणि तू तोंड उघडलंस आणि ओळ आली.

पोरी, सबंध ओळ आली. शब्द आले, सूर आला, शब्दाच्या शेवटी तू जो हेलकावा देतेस तो आला. तुझा आवाज असा आहे हे मला माहीतच नव्हतं. तुझं गाणं शेवटचं ऐकलं तेव्हा तू शाळेतली पोरगी होतीस, चिमणीसारखा आवाज होता तुझा. हा आवाज मोठ्या बाईचा. मी दादामियाँला म्हटलं, "आलं." तो म्हणाला, "वरडू नको, लोक बगत्यात." मी म्हणे ओरडतच होतो.

आण्णासाहेब माझ्या पलीकडं उभे होते, तोंड वाकडं करून. पहिल्या गाण्याला लोक शांत बसले. टाळ्या बेताच्या पडल्या. दुसऱ्यालाही तेच. मला भीती वाटली, माझ्यापायी पोरीचं वाटोळं होतंय. पण मी मागं वळून पाहिलं. एकही ट्रॅक्टर हलला नव्हता. बाया पुढं सरकून बसत होत्या. पोरांनी मोबाईल खाली ठेवले होते. एवढ्या मोठ्या माळावर कुणी कुणाशी बोलेना. तिसऱ्या गाण्याला आण्णासाहेबांचं तोंड सरळ झालं, आणि चौथ्याला ते खाली मातीतच बसले, पांढऱ्या पँटसकट.

मग तू रूटचं गाणं धरलंस. तू येरमाळा म्हणालीस आणि डाव्या अंगानं येरमाळ्याची माणसं उठून ओरडली. वाशी म्हणालीस, वाशीची उठली. पारगावला तर ट्रॉल्यांवर उभी राहिली, टोप्या उडवल्या. हे तू ठरवलं नव्हतंस, मला कळलं, कारण तू हसलीस आणि तीच ओळ पुन्हा घेतलीस. फाट्याला माय उभी म्हणालीस तेव्हा सगळा माळ उभा होता. तो ओरडा मला ऐकू आला, कसल्या अडसराशिवाय. अडसर सोडून मी दोन्ही हात वर केले होते. केबिनमध्ये बोटानं ठेका धरून जुळवलेलं गाणं, आणि पंधरा हजार माणसं ते माझ्या पोरीबरोबर म्हणतायत. मी आयुष्यात एवढा कशानंच सुखावलो नाही. आठ वर्षांचं सगळं एका दिवसात फिटलं.

आता दुसरी गोष्ट. सगळे तुला म्हणाले असतील, लई भारी झालं. झालंच. पण रूटच्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर ध्रुवपदावर येताना तू अर्धी मात्रा आधी उचललीस. ढोलकीवाल्यानं एक थाप गिळली आणि तुला समेवर आणून सोडलं. गुणी पोरगा आहे, म्हणून निभावलं. टाळ्या सुरू झाल्या की तू घाई करतेस, लहानपणीही करायचीस. गाणं पोचायच्या आधी उतरायचं नसतं.

बाकी क्षेम.

बब्रुवान

*

धाराशिव
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र मी पाचवीच्या वर्गात उघडलं आणि पोरांसमोर ढसाढसा रडले. पोरांना वाटलं कुणीतरी गेलं. मग मी हसायला लागले तेव्हा ती जास्त घाबरली.

आण्णासाहेबांनी पुढच्या हंगामाचा पहिला कार्यक्रम मला दिलाय. वर्तमानपत्रात दोन रकाने छापून आले. कुठंही एका अक्षरानं चूक काढलेली नाही. कौतुकच कौतुक.

ती अर्धी मात्रा खरी आहे. कुलदीपनं थाप गिळली हेही खरं. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघांनी शपथ घेतली होती, कुणाला सांगायचं नाही, कारण त्या माळावरच्या पंधरा हजार लोकांत ते आमच्या दोघांशिवाय कुणालाच कळलं नव्हतं.

मामा, आणखी काय काय चुकलं ते सगळं लिहून पाठवा.

तुमची
शिवांजली